अकरा मिनिटं की सात

गायकवृंदाच्या नव्या मॅडमनी पहिल्या तालमीला हात उचलला आणि जी लय धरली, तिच्यामागे चाळीस माणसांची अक्षरशः फरफट झाली. दुसऱ्या पानावर खालच्या आवाजाचे पुरुष मागे पडले, तिसऱ्यावर वरच्या आवाजाच्या बायका शब्द गिळायला लागल्या, आणि चौथ्यावर सगळेच एकमेकांकडे बघत, हसू दाबत थांबले. रिटायर्ड पोस्टमास्तर रुमालानं कपाळ पुसत म्हणाले, "मॅडम, गाडी सुटतेय का कुठली?"

हशा पिकला. मॅडमही हसल्या. हसली नाही ती एकटी ताई.

ताई समोरच्या छोट्या ऑर्गनवर बसली होती. तिसऱ्या पानावर तिच्या डाव्या हाताची करंगळी जागेवर पोचली होती, पण पट्टी दाबली गेली नव्हती. सूर आलाच नव्हता. एक नाही, लागोपाठ चार. त्या गोंधळात ते कुणाच्या कानावर गेलं नाही. तिनं हात मांडीवर घेतला आणि उजव्या हातानं करंगळी चोळली. चोळल्याचं करंगळीला कळलं नाही.

ताई एकोणपन्नास वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं ती काचा घासून फ्रेमला बसवत होती, काड्या गरम करून कानाच्या मापानं वाकवत होती, डोळ्याला धड दिसत नाहीत असे स्क्रू आवळत होती. लग्न केलं नव्हतं. आईच्या आजारपणात ते राहून गेलं ते गेलंच. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन मुली राहत. भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. लहानपणी कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला तो इतका वेळ घ्यायचा, की ताईनं त्याचं नाव ठोंब्या पाडलं. आता त्याचे केस पिकले तरी ती त्याला ठोंब्याच म्हणे.

दोघांना गाण्याबजावण्याचा नाद वडिलांकडून आला होता. ताई ऑर्गन वाजवी, ठोंब्या चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचं ते मोठं, घोगऱ्या आवाजाचं वाद्य. आठवड्यातून दोन संध्याकाळी जुन्या दगडी सभागृहात एक हौशी वृंद जमत असे. हे लोक बहुतेक करून तीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक म्हणतात तसलं समूहगान गात. त्या संगीतात वर चार आवाज काहीही धुमाकूळ घालोत, खाली खर्जाची एक ओळ अखंड चाललेली असते. ती चेलो आणि ऑर्गनचा डावा हात मिळून वाजवतात. घराचा पाया म्हणा. अठरा वर्षं ही बहीणभावंडं शेजारी शेजारी बसून तो पाया घालत होती.

यंदाच्या कार्यक्रमात पहिलंच गाणं मोठं शोकगीत होतं. "तोंड फिरवू नकोस, अंधार पडतो आहे" अशा अर्थाचे त्याचे शब्द. आधीचे म्हातारे सर ते अकरा मिनिटं गाऊन घेत. नव्या मॅडमना ते सात मिनिटांत हवं होतं.

"पण पानावर कुठे लिहिलंय, की ते संथच गायचं?" त्या संध्याकाळी मॅडमनी सगळ्यांना विचारलं. मॅडमचं वय एकतीस, आवाज बारीक, आणि बोलताना हातातली पेन्सिल सारखी फिरायची. "त्या काळी ठोके मोजून देणारा मेट्रोनोम नव्हता. लिहिणाऱ्यानं आकडा दिलेला नाही. मग लय शोधायची कशी? ठोके कसे मोजलेत ते बघायचं, बारीकात बारीक सूर किती बारीक आहे ते बघायचं, आणि शब्द तोंडात घोळवायचे. ही चाल तीन-तीनच्या झोक्यात आहे. माणूस चालता चालताही रडतो की. अकरा मिनिटं लावली तर एका वाक्यात तुम्ही चारदा श्वास घेता, आणि वाक्याचे तुकडे पडतात."

पोस्टमास्तर हळूच शेजारच्याला म्हणाले, "आमचे तुकडे पडतायत त्याचं काय?"

ठोंब्याबरोबर घरी चालत येताना ताईनं ती ओळ मनाशी नव्या लयीत गुणगुणली. "तोंड फिरवू नकोस" पासून "अंधार पडतो आहे" पर्यंत सगळं एका दमात आलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य तिला सलग ऐकू आलं, कुणीतरी खरोखर कुणाची तरी विनवणी करत असल्यासारखं. मॅडमचं बरोबर होतं. एरवी ताईला आनंद झाला असता. आज तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: या लयीत डाव्या हाताला कुठे उसंत आहे? कुठेच नव्हती. म्हाताऱ्या सरांच्या संथ चालीत प्रत्येक सुरावर हात टेकायला जागा होती. करंगळी कधीपासून आळसावली होती कोण जाणे, त्या जागेत सगळं खपून गेलं होतं.

"गप्प का?" ठोंब्यानं विचारलं.

"दमले."

त्यानं चेलोची पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आईचं असंच सुरू झालं होतं. आई शिवणकाम करायची. आधी सुई निसटायला लागली, मग कात्री, मग कप. "हाताला लोणी लागलंय की काय माझ्या," असं तीच म्हणायची आणि सगळे हसायचे. वर्षभरात तिला गुंडी लावता येईना. दुसऱ्या वर्षी हात उचलेना, तिसऱ्या वर्षी जीभ जड झाली, आणि चौथ्या वर्षी श्वास घेणं हेच दिवसभराचं काम होऊन बसलं. नसांचा आजार आहे, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं; काही घरांत तो पुढच्या पिढीत उतरतो, काहींत नाही. तुमच्या घरात काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि भावंडांनी विचारलं नाही. आई जाऊन चौदा वर्षं झाली, पण त्या विषयावर दोघांत एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई स्वतःच्या हातावर पाळत ठेवायला लागली. सकाळी उठल्या उठल्या बोटं पसरून खिडकीपाशी धरायची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यात कागद धरून दुसऱ्या हातानं ओढायची. उजवीकडे कागद फाटायचा, डावीकडे अलगद सुटून यायचा. दिवसातून दहा वेळा तेच. दुकानात चिमट्यात धरलेला स्क्रू सुटून ट्रेमध्ये पडायचा. मालकीणबाई बाहेरून हाक मारायच्या, "झाला का हो तो चष्मा? गिऱ्हाईक थांबलंय," आणि ताई ट्रेवर वाकून, घामेजल्या बोटांनी स्क्रू शोधत म्हणायची, "झालाच." जेवताना ती घास घशाखाली जातोय की नाही हे बघायला लागली. एकदा पाण्याचा ठसका लागला, तर तासभर ती घोट घोट पाणी गिळून बघत होती.

डॉक्टरकडे जावं, हे सुचत नव्हतं असं नाही. पण डॉक्टरकडे गेलं की ते खरं होणार होतं. आणि तिच्यापुरतंच खरं होणार नव्हतं. वरच्या मजल्यावर ठोंब्या होता, त्याच्या दोन मुली होत्या.

मग तिनं जे केलं, ते तिला आधी कुणी सांगितलं असतं तर तिनं कानावर हात ठेवले असते. पुढच्या तालमीला मधल्या सुट्टीत पोस्टमास्तर आणि आणखी चार-पाच जुनी मंडळी तिच्याभोवती जमली. "ताई, तुम्ही जाणत्या. ही घाईबाई करतेय ते बरोबर आहे का?" घाईबाई हे नाव दोन तालमींतच रुळलं होतं.

खरं सांगायचं तर ताईनं "बरोबर आहे" म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "शब्द शोकाचे आहेत. शोकाला वेळ द्यावा लागतो. सात मिनिटांत उरकायला तो काय हजेरीचा कागद आहे?"

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले. "अगदी मनातलं बोललात."

एकदा तोंडातून गेलं आणि मग ते थांबेना. या दगडी भिंती घुमतात, त्या जुन्या संगीतातला भारदस्तपणा जातो, म्हाताऱ्या सरांनी आयुष्य घातलं ते काय उगीच, असं तिला एकेक सुचत गेलं. ती बोलत होती आणि आतून तिचं तिलाच नवल वाटत होतं, की भीती किती छान बोलते. आठवडाभरात वृंदात दोन तट पडले. मॅडमची नेमणूक तीन महिन्यांच्या बोलीवर होती, पुढं ठेवायचं की नाही ते समिती ठरवणार होती. पोस्टमास्तरांनी समितीला पत्र लिहिलं. त्यातली निम्मी वाक्यं ताईची होती. सगळ्यात वर सही तिचीच घेतली.

चार दिवसांनी मॅडम दुकानात आल्या. चष्म्याची एक काडी लोंबत होती.

"मागं या, मीच बघते," ताई म्हणाली. तिला वाटलं, पत्राचं विचारणार.

मॅडम स्टुलावर बसल्या. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा शाळकरी मुलीसारखा दिसत होता. "ताई, पत्र वाचलं मी. इतरांचं मी फारसं मनावर घेत नाही. पण तुमची सही बघितली आणि मला वाटलं, माझं चुकतंय बहुतेक. तुम्ही अठरा वर्षं ते गाणं खालून धरलंय. मला दाखवाल? शनिवारी दुपारी हॉल रिकामा असतो. तुम्ही आणि भाऊ, दोघंच. आधी तुमच्या लयीत वाजवा, मग माझ्या. मी मागं बसून ऐकते. तुमची लय खरी वाटली तर मी मुकाट्यानं बदलते."

ताईनं चष्मा हातात घेतला. नाही म्हणायला एकही कारण नव्हतं. तिनं काडी बसवली. स्क्रू तिसऱ्या खेपेला बसला.

शनिवारपर्यंत तिला धड अन्न गेलं नाही. ठोंब्याला तिनं एवढंच सांगितलं, की मॅडमना दोन्ही लयी ऐकायच्या आहेत. "बरं," तो म्हणाला.

रिकाम्या सभागृहात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मॅडम पार मागं जाऊन बसल्या. संथ चाल उत्तम झाली. ताईनं हात प्रत्येक सुरावर रोवला, करंगळीच्या जागी चौथं बोट, चौथ्याच्या जागी तिसरं असं सरकवत नेलं, आणि कुणाला काही कळलं नसतं. मग मॅडमनी मागून हात वर केला आणि नवी लय दिली.

पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या पानाच्या तोंडाशी ताईला दिसत होतं, की पुढं ते चार सूर येतायत, भिंत यावी तसे येतायत, आणि आपला हात आपला राहिलेला नाही. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. एवढ्यात शेजारी कर्र असा आवाज झाला आणि चेलो थांबला.

"तार उतरली," ठोंब्या मोठ्यानं म्हणाला. "मॅडम, आज नाही व्हायचं. खुंटी धरत नाहीये. मंगळवारी बघू."

मॅडम जवळ आल्या, "अरेरे" म्हणाल्या, घड्याळ बघितलं. दुसरीकडे त्यांची शिकवणी होती, त्या निघाल्या. दार बंद झाल्यावर ठोंब्यानं खुंटी पिळली, तार लावली. खुंटी छान धरत होती.

"तूच उतरवलीस," ताई म्हणाली.

त्यानं नेहमीसारखा वेळ घेतला. गज पुसला, पेटीत ठेवला, पेटी लावली. मग म्हणाला, "ताई, तीच ओळ मी पण वाजवतो गं. तू चार सूर खाल्लेस की मला दोन पायऱ्या चुकल्यासारखं होतं. पहिल्या तालमीपासून मी तिथं जोर लावून वाजवतोय, कुणाला कळू नये म्हणून."

ताईनं ऑर्गनचं झाकण लावलं.

"आईचा हात?" त्यानं विचारलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"मला माहीत नाही रे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "मला माहीत नाही. मी घाबरलेय."

"मी पण," ठोंब्या म्हणाला. त्यानं आपली बोटं पसरून तिच्यासमोर धरली. "रोज कामावर लिफ्टच्या आरशात बघतो. पाच वर्षं झाली. बायकोला पण सांगितलेलं नाही."

दोघं तिथं रचलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला बराच वेळ बसून राहिली. रडली वगैरे नाहीत. ठोंब्यानं फक्त तिचा डावा हात हातात घेऊन ठेवला होता, आणि करंगळीला नि तिच्या शेजारच्या बोटाला ते कळत नव्हतं, पण बाकीच्या तीन बोटांना कळत होतं.

सोमवारी तो रजा काढून तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेला. डॉक्टर मध्यमवयीन होते, बोलायला सावकाश. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं, बोटं वाकवून पाहिली, हातोडीनं ठोकून पाहिलं, कोपरावर टिचकी मारली. टिचकीसरशी ताईच्या करंगळीपर्यंत झिणझिणी गेली.

"बधिरपणा आहे?"

"आहे. दोन बोटांना."

"आईंना होता?"

बहीणभावंडांनी एकमेकांकडे बघितलं. आईला काय होत होतं, काय पडत होतं, काय जमत नव्हतं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण हाताला स्पर्श कळतो का गं, असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

"त्या आजारात बहुधा नसतो. म्हणून विचारलं. तुमची नस कोपरापाशी दबली असावी असं मला वाटतं. पण घरातला इतिहास बघता मी नुसत्या अंदाजावर सोडणार नाही. नसांची तपासणी करू, मग बोलू." तपासणीची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली. कार्यक्रम नवव्या दिवशी होता.

"असावी," बाहेर आल्यावर ताई म्हणाली. "आहे असं नाही म्हणाले."

"नाही म्हणाले," ठोंब्यानं मान्य केलं. एकमेकांना खोटी समजूत घालायची सवय त्या दोघांना नव्हती.

मंगळवारी तालमीच्या तासभर आधी ताई सभागृहात गेली. मॅडम एकट्याच कागद मांडत होत्या. ताईनं वाट बघितली नाही, नाहीतर धीर गेला असता. "मॅडम, तुमची लय बरोबर आहे. पहिल्या दिवसापासून बरोबर होती. माझा हात चालत नाहीये, म्हणून मी उलट बोलले." आणि तिनं सगळं सांगितलं, आईपासून कागदाच्या चिठोऱ्यापर्यंत.

मॅडमची पेन्सिल फिरायची थांबली. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली, मग ती ओसरून दुसरंच काहीतरी आलं.

"तीन आठवडे मी नीट झोपलेले नाही, ताई," त्या म्हणाल्या. बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "हे काम गेलं तर मला परत घरी जाऊन 'सांगितलं होतं ना' हे ऐकून घ्यावं लागणार आहे. मी रोज ते गाणं उघडून बसत होते आणि स्वतःला विचारत होते, की मला कान आहेत की नाहीत. आणि तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"तुमच्या हाताचं वाईट वाटतंय मला. पण राग पण आलाय. दोन्ही आहे."

"असू दे," ताई म्हणाली. "राग यायलाच हवा."

मॅडम उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. "तुमच्या हातासाठी मी लय बदलणार नाही."

"मी ते मागायला आलेच नाही. दुसरं कुणी बघा, म्हणायला आले."

"आठ दिवसांवर आलंय. दुसरं कोण मिळणार?" त्यांनी पानं चाळली. "खर्ज भाऊंकडे देऊ. एकट्या चेलोकडे. त्या काळी तसंही वाजवत. तुम्ही डावा हात उचलूनच ठेवा, आणि उजव्यानं फक्त वरचे सूर भरा. जमेल?"

ताईनं मान हलवली. तेवढ्यात मॅडमना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवली. आवाज वर छताला गेला, भिंतींवर फिरला आणि विरता विरता चांगले तीन आकडे मोजून झाले.

"पत्रातलं एक वाक्य मात्र खरं आहे तुमचं," त्या नाइलाजानं म्हणाल्या. "या भिंती घुमतात. माझ्या लयीत धावते सूर एकमेकांत कालवले जातायत, शनिवारी मागं बसल्यावर कळलं मला. पण पत्र आलं होतं ना, म्हणून मी हट्टाला पेटले होते. थोडं खाली आणते. हॉलसाठी, लक्षात ठेवा."

त्या आठवड्यात ठोंब्याची पाचावर धारण बसली होती. अठरा वर्षं दोघांत वाहिलेला भार आता त्याच्या एकट्याच्या गजावर होता. सकाळी कामावर जायच्या आधी तो वर वाजवत बसे, आणि खाली ताई कपडे वाळत घालता घालता ऐके. एखादा सूर डळमळला की तिचा जीव टांगणीला लागे. हाताचा कागद ओढून बघायचं तिनं सोडलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. पोस्टमास्तर दुसऱ्या रांगेत ताठ उभे होते. ताईच्या हाताचं त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मॅडम आल्या, वाकल्या, वळल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. हात उचलला, आणि पहिल्याच ठोक्याला ताईला कळलं की हे ठरल्यापेक्षा जलद आहे. मॅडम घाबरल्या होत्या आणि भीतीनं लय पळवली होती. ठोंब्याचा गज त्या लयीमागं सुटला. त्यालाही थांबवता येईना. एकटा माणूस घाबरला की धावतो. पान संपायच्या आत गाणारे येणार होते, आणि या वेगात आले तर पहिल्या तालमीची गत लोकांसमोर होणार होती.

ताईकडे एकच हात होता. डावा मांडीवर होता, थंडगार. तिनं मॅडमकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. ज्या लयीवर आठ दिवस तालमी झाल्या होत्या, ती मनात धरली आणि पुढच्याच ठोक्यावर उजव्या हाताचे सूर त्या लयीत ठेवले. चेलोच्या किंचित मागं. ते वेडंवाकडं ऐकू आलं. ठोंब्याची मान झटकन वळली. दुसऱ्या ठोक्याला तिनं तेच केलं, न दचकता. आपणच चुकत असलो तर काय, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिसऱ्याला गज तिच्याजवळ आला. चौथ्याला टेकला. मॅडमचा हात अर्धा क्षण हवेत राहिला, मग खाली आला तो बरोबर त्या दोघांच्या ठोक्यावर.

गाणारे आले. "तोंड फिरवू नकोस" पासून "अंधार पडतो आहे" पर्यंत चाळीस माणसांनी एका श्वासात म्हटलं. भिंतींनी ते झेललं आणि पुढचा सूर येईपर्यंत धरून ठेवलं. ताई मात्र शेवटपर्यंत जीव मुठीत धरूनच बसली होती. ते किती सुंदर झालं, हे तिला नंतर दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. पोस्टमास्तर घड्याळ लावून आले होते. पावणेनऊ मिनिटं, असं त्यांनी जाहीर केलं, आणि वर म्हणाले, "माझा दम पुरला हो! कमाल आहे."

तीन दिवसांनी तपासणी झाली. हाताला तारा जोडल्या, मनगटापासून दंडापर्यंत बारीक झटके दिले, सुया टोचल्या. ठोंब्या बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी आलेख दोनदा बघितला आणि मग त्याला आत बोलावलं. नस कोपरापाशीच दबली होती. सव्वीस वर्षं डावं कोपर टेबलाच्या कडेवर टेकून चष्मे धरल्याचं ते फळ होतं. आईच्या आजाराची आज तरी काही खूण नव्हती.

"आज तरी," ताई म्हणाली.

"आज तरी," डॉक्टर म्हणाले. "याहून जास्त मी कुणालाच सांगू शकत नाही."

बाहेर येऊन ठोंब्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. त्याच संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती आधी त्याच्यावर भडकली, मग खाली येऊन ताईवरही भडकली, आणि मग तिघांसाठी चहा टाकला.

पुढच्या तालमीला ताईनं उभं राहून वृंदाला खरं काय ते सांगितलं. पत्रातली वाक्यं आपली होती आणि ती का लिहिली, तेही. दोघी-तिघी तिच्याशी पुढं महिनाभर तुटक वागल्या. पोस्टमास्तरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी समितीकडे जाऊन पत्र परत मागितलं, आणि मॅडमची नेमणूक कायम झाली. मॅडमचा राग हळूहळू गेला. पूर्ण गेला का, हे ताईनं विचारलं नाही.

कोपराचं ऑपरेशन झालं. करंगळीत जोर आला, पण सगळा नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. दुकानात तिनं टेबलाला जाड गादी लावून घेतली. जलद चालींत खर्ज ठोंब्याच्याच वाट्याला राहिला, संथ चालींत ती डावा हात घालते. आईची आठवण अजूनही अवचित येते, ठसका लागला की येते, आणि मग दिवसभर अंगातून जात नाही.

वर्षाअखेर मॅडमनी नवं गाणं काढलं. पानावर लयीचा आकडा अर्थातच नव्हता. "ताई, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. "जलद की संथ?"

ताईनं पानं उलटली. तिला लगेच काहीतरी वाटलं होतं. "उद्या सांगते," ती म्हणाली. "आधी बघू दे, हे मला वाटतंय की माझ्या हाताला."